पत्रात ‘रिझाइन’ लिहावे की ‘रिटायर’?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात २४ वर्षे नोकरी केलेल्या पर्यवेक्षकांनी एक प्रश्न विचारला आहे. त्यांचे वय ५४ आहे, दिंडोरी तालुक्यात घरची द्राक्षबाग आहे, वडिलांच्याने ती आता होत नाही, म्हणून नोकरी सोडायची आहे. कार्मिक विभागाने नमुना म्हणून दिलेल्या इंग्रजी पत्रात ‘आय हिअरबाय रिझाइन’ असे वाक्य आहे. जिल्हा परिषदेत काम करणारे त्यांचे मेव्हणे मात्र सांगतात की ‘रिझाइन’ हा शब्द चुकूनही लिहू नका, ‘रिटायर’ लिहा, नाहीतर इतक्या वर्षांची सेवा पाण्यात जाईल. दोन्ही शब्दांचा अर्थ शेवटी नोकरी सोडणे एवढाच नाही का, आणि नसेल तर पत्रात नेमके काय लिहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत मी कार्मिक विभागाचे काम अनेक वर्षे केले आहे, आणि आता लोकांचे नोकरीविषयक पत्रव्यवहार व हिशेब तपासून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की हा प्रश्न वरवर इंग्रजीचा दिसला तरी तो निम्माच इंग्रजीचा आहे. उरलेला अर्धा भाग असा आहे की आपण ज्या आस्थापनेत आहात तिच्या नियमांत ही दोन क्रियापदे कोणत्या लाभांना जोडलेली आहेत. तेवढे कळले की कार्मिक विभागाचा नमुना आपल्यासाठी योग्य का आहे आणि मेव्हण्यांची भीती त्यांच्या कार्यालयात रास्त का आहे, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

आधी भाषेकडे पाहू. ‘रिझाइन’ ही स्वतः करण्याची कृती आहे. हातातले पद किंवा अधिकार आपण होऊन परत देणे हा त्या क्रियापदाचा गाभा आहे, आणि म्हणून ते दुसऱ्या कोणाला आपल्यावर करता येत नाही. ‘द कंपनी रिझाइन्ड हिम’ हे वाक्य इंग्रजीत उभेच राहत नाही. ‘रिटायर’चे तसे नाही. त्यात मागे सरणे, सक्रिय कामातून बाजूला होणे हा अर्थ आहे, आणि ते तीन प्रकारे घडू शकते. माणूस स्वतः रिटायर होतो, वयोमर्यादा आली म्हणून आपोआप रिटायर होतो, किंवा मालक त्याला रिटायर करतो. ‘द कंपनी रिटायर्ड हिम अर्ली’ हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे, आणि सरकारी नोकरीत लोकहिताच्या कारणावरून होणारी सक्तीची निवृत्ती याच तिसऱ्या प्रकारात बसते. सक्तीचा राजीनामा अशी गोष्ट मात्र कायद्याच्या दृष्टीने राजीनामा ठरत नाही, हे पुढे पाहू.

दुसरा फरक काळाचा आहे. राजीनामा नोकरीच्या दुसऱ्या दिवशीही देता येतो, तर निवृत्तीला काहीतरी पुरे व्हावे लागते. बहुतेक वेळा ते वय किंवा सेवेची वर्षे असतात, पण नेहमी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८३ मध्ये राज्यसभेचे जवळपास एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी ‘रिटायर’ होतात असे म्हटले आहे; तेथे पुरी होते ती मुदत, सदस्याचे वय काहीही असो. त्याच सदस्याला मुदत संपण्याआधी जायचे असेल तर तो सभापतींना उद्देशून लेखी ‘रिझाइन’ करतो. क्रिकेटमध्ये खेळाडू कसोटी क्रिकेटमधून ‘रिटायर’ होतो, कारण त्याची कारकीर्द संपते, पण कर्णधारपद तो ‘रिझाइन’ करतो, कारण ते पद त्याच्याकडे सोपवलेले असते आणि तो ते परत करतो. कर्णधारपद सोडल्यावर तो संघात खेळतच राहू शकतो. बुद्धिबळात डाव सोडून देण्यालाही ‘रिझाइन’च म्हणतात, आणि ती कृती खेळाडूने स्वतःच करायची असते.

व्यापारी कायद्यांतही ही विभागणी काटेकोरपणे पाळलेली आहे, आणि नाशिकमध्ये भागीदारीत चालणारे व्यवसाय इतके आहेत की त्याचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदार ‘रिझाइन’ करत नाही, तो कलम ३२ नुसार ‘रिटायर’ होतो, मग तो तिशीतला का असेना; आणि त्याच्या निवृत्तीची जाहीर नोटीस दिली नाही तर बाहेरच्या लोकांच्या लेखी त्याची जबाबदारी संपत नाही. द्राक्षांच्या निर्यातीसाठी काढलेल्या एका भागीदारीतून बाहेर पडताना एका तरुण भागीदाराने केवळ राजीनाम्याचा कागद लिहून दिला होता आणि पुढे दुसऱ्यांनी घेतलेल्या मालाच्या पैशांसाठी पुरवठादार त्याच्याच दारात उभे राहिले, हे मी जवळून पाहिले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात तर दोन्ही शब्द एकाच प्रकारच्या व्यक्तीसाठी, पण वेगळ्या अर्थाने आले आहेत. कलम १५२ मध्ये संचालक पाळीपाळीने ‘रिटायर’ होतात आणि पुन्हा निवडूनही येऊ शकतात. कलम १६८ मध्ये संचालक ‘रिझाइन’ करतो, आणि ते कंपनीला पत्र मिळाल्याच्या किंवा पत्रात लिहिलेल्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची असेल तेव्हापासून लागू होते. एकच अर्थ असता तर कायदा करणाऱ्यांना दोन शब्दांची गरज पडली नसती.

आता मेव्हण्यांच्या म्हणण्याकडे येतो, कारण ते ज्या व्यवस्थेत आहेत तेथे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधील नियम ४६ प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जाते. रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा हा त्याला अपवाद आहे. त्याच नियमांतील नियम ६६ प्रमाणे २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी, सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होऊ शकतो, आणि त्याचे निवृत्तिवेतन शाबूत राहते. केंद्र सरकारच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही नियम २६ आणि नियम ४८-अ अशी हीच जोडी होती. म्हणजे २१ वर्षे सेवा झालेला कर्मचारी एकाच दिवशी, एकाच कारणासाठी, एकाच खुर्चीवरून उठतो, आणि त्याच्या अर्जात कोणते क्रियापद आहे यावर त्याला आयुष्यभर निवृत्तिवेतन मिळणार की नाही हे ठरते. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे नियम वेगळे आहेत, तरी मुदतीपूर्वी बाहेर पडणे आणि निवृत्त होणे यांत तेथेही हाती येणाऱ्या रकमेचा मोठा फरक पडतो.

न्यायालयाकडून यात सवलत मिळेल अशी आशा अनेकांना असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या एका वीज कंपनीच्या प्रकरणात या विषयावर स्पष्ट निकाल दिला. संबंधित कर्मचाऱ्याने जुलै १९९० मध्ये राजीनामा दिला होता आणि पुढे निवृत्तिवेतन मागताना, आपली २० वर्षे भरली होती म्हणून हा राजीनामा स्वेच्छानिवृत्ती समजावा, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की राजीनामा दिल्याने आधीची सेवा नियमानुसार गेली, त्यामुळे वर्षे भरली होती की नव्हती या वादाला अर्थ उरत नाही. त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, राजीनाम्याला स्वेच्छानिवृत्ती मानणारा २०१५ चा निर्णय बाजूला ठेवला. त्यामुळे ‘शब्द काय, भावना समजून घ्या’ हा युक्तिवाद आता फार टिकत नाही. शाळा, महापालिका किंवा निमसरकारी मंडळात काम करणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की घरच्या अडचणीच्या भरात राजीनामा खरडून देण्याआधी सेवापुस्तकातील वर्षे मोजावीत. दोन-चार महिने कळ काढली तर २० वर्षे पुरी होतात, आणि ते दोन-चार महिने कुटुंबाच्या पुढच्या कित्येक वर्षांचा आधार ठरतात.

आपल्या प्रकरणात मात्र चित्र वेगळे आहे. आपण खासगी कारखान्यात आहात, आणि तेथे मिळणाऱ्या मुख्य रकमा या क्रियापदावर अवलंबून नाहीत. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात निवृत्ती आणि राजीनामा हे शब्द एकाच कलमात शेजारी शेजारी होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसेच आहेत. पाच वर्षांची सलग सेवा झालेली असली की कोणत्याही मार्गाने गेलात तरी हिशेब तोच: शेवटचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. समजा हिशेबात धरले जाणारे वेतन २६,००० रुपये असेल तर एका वर्षाचे १५,००० आणि २४ वर्षांचे ३,६०,००० रुपये होतात. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक आपलीच आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये १० वर्षांचे सदस्यत्व पुरे असेल तर ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते. ५० नंतर ते लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. ‘रिझाइन’ लिहिल्यामुळे यांपैकी काहीही बुडत नाही. मेव्हण्यांना हे मुद्दाम दाखवावे, म्हणजे घरातील चिंता कमी होईल.

खासगी कारखान्यातही हे क्रियापद महत्त्वाचे ठरते अशी काही ठिकाणे आहेत, आणि ती परिस्थितीवर अवलंबून असल्यामुळे आपली कागदपत्रे पाहिल्याशिवाय त्याबद्दल छातीठोकपणे सांगणे योग्य होणार नाही. पहिले ठिकाण म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना. व्यवस्थापनाने ती जाहीर केलेली असेल तरच तिचे पैसे मिळतात, आणि आयकरातील ५ लाख रुपयांपर्यंतची सूटही अशा रीतसर योजनेतून मिळालेल्या रकमेलाच आहे. योजना नसताना ‘आय वॉन्ट व्हॉलंटरी रिटायरमेंट’ असे लिहिले तर त्याने योजना निर्माण होत नाही. उलट योजना येणार अशी चर्चा कारखान्यात पक्की असताना घाईने राजीनामा देणारे मी पाहिले आहेत, आणि दोन महिन्यांनी शेजारच्या यंत्रावरचा सहकारी मोठी रक्कम घेऊन बाहेर पडला तेव्हा त्यांना झालेले दुःखही पाहिले आहे. त्यामुळे युनियनकडे किंवा कार्मिक विभागाकडे ही चौकशी आधी करावी.

दुसरे ठिकाण सुपरॲन्युएशन निधीचे, म्हणजे निवृत्तीनंतरच्या लाभांसाठी कंपनीने बाजूला ठेवलेल्या निधीचे. पर्यवेक्षक आणि त्यावरच्या श्रेणींसाठी काही कंपन्या असा वेगळा निधी चालवतात, आणि त्याच्या न्यासपत्रात, म्हणजे निधीचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजात, ‘अर्ली रिटायरमेंट’ कोणत्या वयापासून धरायची हे लिहिलेले असते. आपण त्या वयाच्या पुढे असाल आणि पत्रात फक्त ‘रिझाइन’ लिहिले, तर निवृत्त होणाऱ्याला असलेले पर्याय आपल्याला मिळतील की नाही, हे न्यासपत्राच्या भाषेवर ठरेल. तिसरे ठिकाण म्हणजे वेतनकरार आणि कंपनीची पत्रके. निवृत्तांना पुढे वैद्यकीय विमा चालू ठेवण्याची मुभा, शिल्लक रजेचे पैसे, मुलांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेताना प्राधान्य, अशा सवलतींपुढे बहुधा ‘रिटायरिंग एम्प्लॉयी’ असे शब्द असतात. तेथे त्या शब्दाची व्याख्या शोधावी. व्याख्येत ‘ऑन अटेनिंग द एज’ असे असेल तर ५४ व्या वर्षी ‘रिटायर’ लिहून काही उपयोग नाही. ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स ऑफ सर्व्हिस’ असे काही असेल तर मात्र त्या कलमाचा उल्लेख करून ‘रिटायर’ हाच शब्द वापरावा आणि नमुना पत्र नम्रपणे बाजूला ठेवावे.

मग नियमात काहीच नसताना सन्मानाचा शब्द म्हणून ‘रिटायर’ लिहिले तर बिघडते का? तशी इच्छा अनेकांची असते, आणि ती मला समजते. २४ वर्षे दिल्यावर माणसाला आपण निवृत्त झालो असे म्हणावेसे वाटणारच. पण पत्र हा हक्काचा कागद आहे. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या नोकरीविषयक नियमांत, निवृत्तीचे वय ५८ किंवा ६० असेल तर ५४ व्या वर्षीच्या ‘आय रिटायर’ या पत्राचे काय करायचे हे कार्यालयाला कळत नाही, ते खुलासा मागते, आणि शेवटच्या हिशेबाला विनाकारण उशीर होतो. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत मालकाला नोकरी सोडण्याचे कारण भरावे लागते. ती नोंद आणि आपले पत्र यांत विसंगती राहिली तर पुढे दावा भरताना शंका निघतात. निरोप समारंभाच्या फलकावर ‘सेवानिवृत्ती’ लिहायला कोणाचीच हरकत नसते, आणि ते खुशाल लिहावे.

राजीनामा स्वेच्छेचा असावा लागतो, हे वर म्हटले. चौकशीची धमकी देऊन, खोलीत बसवून, तयार कागदावर सही घेतली असेल तर तो राजीनामा ठरत नाही, आणि तसे सिद्ध झाले की ती कामावरून काढून टाकण्याचीच कृती धरली जाते. आमदार-खासदारांच्या बाबतीतही १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीने हीच काळजी घेतली आहे: राजीनामा स्वेच्छेचा व खरा नाही असे वाटले तर पीठासीन अधिकारी तो स्वीकारत नाहीत. आपल्या बाबतीत निर्णय आपलाच आहे, त्यामुळे ही अडचण नाही. पण आपल्याबरोबर काम करणाऱ्या कोणावर असा प्रसंग आला तर त्याने सही करण्याआधी, आणि झालीच असेल तर त्याच दिवशी, लेखी हरकत नोंदवावी.

मन बदलले तर काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी शेतीच्या भरवशावर नोकरी सोडणाऱ्याला तो पडू शकतो. पुढची तारीख टाकून दिलेला राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या राजीनाम्यावरून मांडले, आणि १९८७ मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या नोटिशीबाबतही कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी नोकरीत मात्र नेमणूकपत्रातील अटी आणि मालकाने राजीनामा कधी स्वीकारला यावरून वाद होतात, म्हणून यावर विसंबून पत्र देऊ नये.

आता प्रत्यक्ष वाक्यरचनेकडे येतो, कारण तेथे होणाऱ्या चुका अर्थ बदलतात. ‘आय विश टू रिझाइन’ ही इच्छा झाली; ‘आय रिझाइन’ ही कृती झाली. निर्णय पक्का असेल तर दुसरे वाक्य लिहावे, आणि केवळ चाचपणी करायची असेल तर पत्रच देऊ नये, तोंडी बोलावे. ‘आय ॲम रिटायर्ड’ म्हणजे मी निवृत्त आहे, पण त्याच धर्तीवर लोक लिहितात ते ‘आय ॲम रिझाइन्ड’ याचा अर्थ नशिबापुढे मान तुकवली आहे असा होतो. राजीनामा दिला आहे हे सांगण्यासाठी ‘आय हॅव रिझाइन्ड’ हवे. दोन्ही क्रियापदांपुढे ‘फ्रॉम’ चालते, परंतु ‘ॲज सुपरवायझर’ असे लिहायचे असेल तर ते ‘रिझाइन’लाच अधिक शोभते, कारण तेथे परत करायचे पद नावानिशी सांगितले जाते. नमुन्यातील ‘हिअरबाय’ ठेवले तरी चालते, काढले तरी अर्थ बदलत नाही.

म्हणून योजना, न्यासपत्र आणि करार या तिन्हींत आपल्यासाठी वेगळे काही निघाले नाही, तर पत्रात एवढेच असावे: ‘आय रिझाइन फ्रॉम माय पोस्ट ॲज सुपरवायझर’, त्यापुढे नेमणूकपत्रातील नोटिशीच्या मुदतीप्रमाणे मोजून काढलेली कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख, आणि ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा व इतर देय रकमांचा हिशेब करून मिळावा अशी एक विनंती. घरचे कारण लिहायचे असल्यास एका ओळीत लिहावे. कोणाविषयी तक्रार किंवा ‘वेव्ह ऑल माय क्लेम्स’ यासारखे हक्क सोडून देणारे वाक्य नमुन्यात कोठे दडलेले नाही ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे. असल्यास ते खोडून पत्र पुन्हा टंकलिखित करून मागावे. पत्र दोन प्रतींत द्यावे, आपल्या प्रतीवर कार्मिक विभागाची सही, शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि तीच तारीख नोटिशीचा पहिला दिवस म्हणून धरली जात आहे याची लेखी खात्री करून घ्यावी.